पाने न खाणारा पानभुंगेरा

पावसाळ्यात चवळीचा डबा उघडला की कित्येकदा दाण्यांना गोल भोके पडलेली दिसतात आणि त्यांवरून तपकिरी, आखूड अंगाचे किडे पळत असतात. त्याच फळीवरच्या तांदळात सोंडे झालेले असतात. परसातल्या वांग्याची पाने कुणीतरी खरवडून त्यांची जाळी केलेली असते. पान उलटावे तर खाली ठिपक्याठिपक्यांचा, फुगीर पाठीचा तांबूस किडा बसलेला. आणि कुंपणापलीकडे माजलेल्या गाजर गवतावर, पिवळसर पाठीवर तपकिरी रेघा असलेले मेक्सिकन भुंगेरे पानांचा फडशा पाडत असतात.

हे चारही भुंगेरेच. पुढचे पंख कडक होऊन पाठीवर त्यांची ढाल झालेली आणि उडायचे पंख त्याखाली घडी घालून ठेवलेले, ही भुंगेऱ्यांच्या गणाची खूण चौघांतही आहे. प्रश्न त्यापुढचा आहे. कीटकशास्त्रात क्रायसोमेलिडी नावाचे एक मोठे कुल आहे. त्यातले बहुतेक कीटक पाने खातात म्हणून त्यांना पानभुंगेरे म्हणतात. या चौघांपैकी त्या कुलातले कोण?

गाजर गवतावरचा आहे, हे कुणीही सांगेल. दुसरा मात्र वांग्यावरचा नाही. अळी असल्यापासून मरेपर्यंत पाने खाऊनही तो पानभुंगेरा नव्हे. मावा खाणाऱ्या लेडीबर्ड भुंगेऱ्यांचा तो सख्खा नातलग आहे. दुसरा पानभुंगेरा आहे चवळीच्या डब्यातला. त्याची अळी दाण्याच्या आत जन्म काढते, डब्यातला प्रौढ किडा काहीच खात नाही, पानाशी दोघांचाही संबंध येत नाही. तरीही तो याच कुलातला. आणि तांदळातला सोंडा? तो या कुलाबाहेरचा, पण वांग्यावरच्या किड्यापेक्षा पानभुंगेऱ्यांना कितीतरी जवळचा.

हे असे का, हे समजले की प्राण्यांचे वर्गीकरण कशाच्या आधारावर होते ते समजते. शिवाय त्यातून शेतकऱ्याच्या कामाच्या काही गोष्टीही कळतात.

काम वेगळे, कूळ वेगळे

महाराष्ट्रात कुलकर्णी, पाटील, देशमुख, देशपांडे ही आडनावे कामावरून, वतनावरून पडली. दोन गावांचे दोन कुलकर्णी एकमेकांचे भाऊबंद असतीलच असे नाही. दोघांचे पूर्वज गावाचे दप्तर सांभाळत होते, एवढाच त्याचा अर्थ. उलट एकाच मूळपुरुषाच्या वंशात एक शाखा कुलकर्णी आणि दुसरी देशपांडे, असेही घडलेले आहे. म्हणून नाते शोधायचे तर आडनावावर थांबून चालत नाही. मूळ गाव, कुलदैवत, जुनी वंशावळ असे एकमेकांशी संबंध नसलेले पुरावे जुळवावे लागतात.

‘पाने खाणे’ हे भुंगेऱ्यांच्या जगातले असेच एक काम आहे. ते अनेक कुळांनी आपापले स्वीकारले. लेडीबर्डच्या घराण्यात बहुतेक मंडळी मावा आणि पिठ्या ढेकूण खातात, पण एक शाखा पानांकडे वळली. वांग्यावरचा किडा त्या शाखेतला. पानभुंगेऱ्यांच्या घराण्यात बहुतेकांनी पाने धरली, पण एक शाखा बियांत शिरली. चवळीतला किडा त्या शाखेतला. वर्गीकरण काम पाहून गट पाडत नाही. एका पूर्वजाचे सगळे वंशज एका नावाखाली आणणे आणि त्यांतल्या कुणालाही बाहेर न ठेवणे, हे त्याचे उद्दिष्ट असते.

आकाराने हे कुल प्रचंड आहे. आजवर वर्णन झालेल्या पानभुंगेऱ्यांच्या जाती 35,000 च्या वर आहेत. त्यांची साधारण डझनभर उपकुले आहेत, प्रत्येक उपकुलात अनेक वंश आणि प्रत्येक वंशात एक किंवा अनेक जाती. इतक्यांची नाती लावायची तर पुरावे नेमके कुठे शोधायचे?

पावलाची पेरे

पहिला पुरावा पायात आहे. मेलेला मेक्सिकन भुंगेरा उताणा करून दहापट भिंगाखाली धरला की पायाचा शेवटचा भाग, म्हणजे पाऊल, छोट्या छोट्या पेरांचे बनलेले दिसते. मोजली तर चार भरतात. तिसरे पेर रुंद आणि मधोमध दुभंगलेले, दोन पाळ्यांचे असते. चौथे लांब, सडपातळ आणि टोकाला नख्या असलेले. पण पाऊल थोडे वाकवून तिसऱ्या पेराच्या फटीत नीट पाहिले तर तिथे एक इवलेसे पेर दडलेले असते. म्हणजे पेरे खरी पाच. चौथे इतके आखडलेले की ते हिशेबातून निसटते. तिसऱ्या पेराच्या तळाला दाट, आखूड केसांची गादी असते. गुळगुळीत पानावर, अगदी उलटे लटकूनही, पाय घट्ट राहतो तो या केसांमुळे.

आता चवळीतल्या किड्याचे पाऊल पाहा. तीच रचना: पाच पेरे, चौथे लपलेले, तिसरे दुभंगलेले. तांदळातल्या सोंड्याचेही तसेच. नारळावरचा सोंड्या भुंगा, आंब्याच्या खोडात पोखरणाऱ्या भिरुडाचा लांब मिशांचा प्रौढ भुंगेरा, यांचीही पावले अशीच. वांग्यावरच्या किड्याचे पाऊल मात्र निराळे निघते. त्याला पेरे मुळात चार आणि त्यांतले तिसरे लपलेले, त्यामुळे वरवर तीनच दिसतात. पाने दोघेही खातात, पण पावलाची घडण दोघांना वेगळ्या पूर्वजांकडून मिळालेली आहे.

यातून एक गोष्ट लक्षात येते. पावलाची खूण एकट्या पानभुंगेऱ्यांची नाही. पानभुंगेरे, लांब मिशांचे खोडभुंगेरे आणि सोंडवाले भुंगेरे अशा एका मोठ्या घराण्याची ती खूण आहे. प्रत्येक खूण एखाद्या ठरावीक पातळीवरचे नाते सांगते. कडक पंख सगळ्या गणाचे नाते सांगतात, पाऊल त्यातल्या एका मोठ्या शाखेचे. त्या शाखेच्या आत पानभुंगेरे वेगळे काढायला आणखी खुणा लागतात. सोंडवाल्यांचे डोके पुढे लांबून सोंड होते, पानभुंगेऱ्यांचे होत नाही. खोडभुंगेऱ्यांच्या मिशा बहुधा अंगाएवढ्या किंवा त्याहून लांब असतात, पानभुंगेऱ्यांच्या बहुधा आखूड. या ‘बहुधा’ला अपवाद आहेत, म्हणून कुठल्याही एका खुणेवर निकाल दिला जात नाही.

नावाशेजारचा कंस

स्वीडनचे कार्ल लिनिअस यांनी 1758 साली आपल्या प्राण्यांच्या यादीच्या दहाव्या आवृत्तीत प्रत्येक प्राण्याला दोन शब्दांचे नाव दिले, पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा. आजची प्राण्यांची नामपद्धती त्या आवृत्तीपासून मोजली जाते. त्यात त्यांनी क्रायसोमेला हा वंश सांगितला. 1802 मध्ये फ्रान्सचे पिएर आंद्रे लात्रेय यांनी त्यावरून कुल उभे केले. पुढच्या दोनशे वर्षांत लिनिअसच्या त्या एका वंशातली मंडळी शेकडो वंशांत विखुरली गेली, आणि बाहेरची कित्येक आत आली.

या स्थलांतराची नोंद नावातच राहते. आपल्याकडच्या कडधान्यातल्या एका नेहमीच्या किड्याचे पूर्ण नाव कॅलोसोब्रुकस चायनेन्सिस (लिनिअस, 1758) असे लिहितात. कंसाचा अर्थ असा की लिनिअसने ही जाती वेगळ्या वंशात ठेवली होती आणि नंतर कुणीतरी तिला इथे हलवले. लिनिअसने तिला चक्क सोंड्यांच्या वंशात टाकले होते. वाटाण्यातल्या किड्याला त्याने कातडी-केस खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या वंशात बसवले होते. आज एका उपकुलात असलेले हे दोन किडे त्याच्या हातून दोन टोकांना गेले, कारण त्याच्यापाशी पुराव्याला फक्त बाहेरचे रूप होते.

याउलट मेक्सिकन भुंगेऱ्याचे नाव झायगोग्रामा बायकलराटा पॅलिस्टर, 1953 असे कंसाशिवाय लिहितात. पॅलिस्टरने 1953 साली त्याला ज्या वंशात ठेवले, त्यातच तो आजही आहे. वेलवर्गीय भाज्यांवरचा तांबडा भुंगेरा आज ऑलॅकोफोरा वंशात आहे. आपल्याकडच्या जुन्या शेतकी पुस्तकांत तोच राफिडोपाल्पा या नावाने भेटतो. दोन नावे एकाच किड्याची आहेत हे ठाऊक नसेल, तर त्या पुस्तकांतले सगळे अनुभव हातचे जातात.

चवळीतला किडा या घरात कसा आला

कडधान्यातल्या भुंगेऱ्यांना बराच काळ स्वतःचे स्वतंत्र कुल होते, ब्रुकिडी. त्यांना पानभुंगेऱ्यांत आणण्याआधी त्यांचे आयुष्य जवळून पाहावे लागले.

चवळीचा किडलेला दाणा हातात घेतला तर त्यावर पांढरे, चपटे ठिपके चिकटलेले दिसतात. ती अंडी. मादी ती दाण्याच्या सालीवर पक्की डकवते. अळी अंड्याच्या वरून बाहेर पडत नाही. तळाकडून थेट दाण्यात शिरते आणि खोदताना निघालेला भुगा मागे रिकाम्या अंड्यात लोटते. त्यामुळे अंडे पांढरेधोप दिसू लागते. आत ती डाळिंबी खात वाढते. कोषात जाण्यापूर्वी ती सालीच्या आतल्या बाजूपर्यंत कोरत येते आणि फक्त पातळ साल शिल्लक ठेवते. बाहेरून तिथे गोल, किंचित काळपट खिडकी दिसते. प्रौढ झालेला किडा ती चकती ढकलून बाहेर पडतो. डब्यात आपल्याला दिसणारे गोल भोक ते हे. उबदार हवेत हे सगळे साधारण महिनाभरात उरकते, आणि बाहेर आलेल्या किड्याला अंडी घालण्यासाठी अन्नपाण्याचीही गरज पडत नाही.

दाण्यात राहणाऱ्या अळीला पाय नसले तरी चालते, म्हणून वाढलेली अळी बिनपायाची, पांढरी, वाकडी असते, अगदी सोंड्याच्या अळीसारखी. याच रूपाने अभ्यासकांना चकवले होते. पण या गटातल्या अनेक जातींत अंड्यातून नुकतीच निघालेली अळी वेगळी असते. तिला छोटे पाय असतात आणि छातीच्या पाठीवर दातेरी पट्टी असते. दाण्याला भोक पाडताना ती त्या पट्टीचा जोर घेते. पहिली कात टाकली की हे सारे जाते. म्हणजे बिनपायाचे रूप घराण्यातून आलेले नव्हे. दाण्यात राहायला लागल्यावर आलेले आहे. प्रौढ किड्यांची पावले, मागच्या जाड मांड्या, पंखांच्या शिरा, शरीराच्या आतले अवयव असे पुरावे जुळवत गेल्यावर हे किडे सॅग्रा नावाच्या भुंगेऱ्यांच्या शेजारी जाऊन बसले. सॅग्रा हे झळझळीत जांभळ्या-हिरव्या रंगाचे, फुगलेल्या मांड्यांचे मोठे भुंगेरे. आपल्या सह्याद्रीतही ते आढळतात. त्यांच्या अळ्या झाडांच्या खोडात राहतात.

1995 साली सी. ए. एम. रीड यांनी अळ्या आणि प्रौढ यांच्या खुणा एकत्र मांडून सगळ्या उपकुलांची नाती तपासली, तेव्हा कडधान्यातले किडे पानभुंगेऱ्यांच्या ऐन मध्यात आले. पुढे डीएनएनेही त्याला दुजोरा दिला. आता दोनच मार्ग होते. सॅग्राला पानभुंगेरा म्हणायचे आणि त्याच्या सख्ख्या भावाला वगळायचे, म्हणजे मुद्दाम अपुरी वंशावळ लिहायची. किंवा ब्रुकिडी कुल मोडून त्याला ब्रुकिनी हे उपकुल करायचे. अभ्यासकांनी दुसरा मार्ग धरला.

उडद्या उडतो, तरी तो उडणाऱ्यांतला नाही

नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला उडद्या सांगावा लागत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुगू लागले की कांस्य रंगाचा, पाठीवर सहा गडद ठिपके असलेला हा चार-पाच मिलिमीटरचा भुंगेरा ते डोळे कुरतडतो. डोळा गेला की त्या जागची फूट गेली आणि घडही गेला. वेलीला हात लावताच तो टपकन खाली पडतो आणि निपचित राहतो. त्याला इंग्रजीतही पिसूसारख्या उड्या मारणाऱ्या भुंगेऱ्यांचे, फ्ली बीटलचे, नाव चिकटले आहे.

खरे उडी मारणारे भुंगेरे निराळे. मुळा, मोहरी यांच्या कोवळ्या पानांना बारीक छिद्रे पाडणारे चिमुकले काळसर किडे त्यांतले. जवळ जाताच ते स्वतःच्या अंगाच्या कितीतरी पट लांब उडी घेतात. ही ताकद कुठून येते, याचे उत्तर शोधणाऱ्यांत एक भारतीय नाव अग्रभागी आहे. बंगालचे समरेंद्र मौलिक यांनी 1929 साली या भुंगेऱ्यांच्या मागच्या मांडीची रचना वर्णन केली. मांडीच्या आत स्नायूच्या कंडरेला जोडलेली एक कडक, वळलेली पट्टी असते. स्नायू आकुंचन पावतात तेव्हा तिच्यात ताण साठत जातो आणि तो एकदम सुटला की पाय झटक्यात सरळ होतो. या भागाला आजही मौलिकांचा अवयव म्हणतात.

सॅग्राच्या मांड्या उड्या मारणाऱ्यांपेक्षा कितीतरी जाड, पण त्यांत ही पट्टी नाही. उडद्याच्या मांडीतही ती नाही. आणखी एक खूण भिंगाखाली लगेच दिसते. उडी मारणाऱ्यांच्या मिशा दोन डोळ्यांच्या मध्ये, एकमेकींना खेटून उगवतात. उडद्याच्या मिशांच्या मुळांत चांगले अंतर असते. खेटलेल्या मिशा ही गॅलेरुसिनी उपकुलाची खूण. वेलवर्गीय भाज्यांवरचा तांबडा भुंगेरा त्यातलाच, आणि उडी मारणारेही आज त्याच उपकुलात धरले जातात. उडद्या युमॉल्पिनी नावाच्या दुसऱ्या उपकुलातला आहे.

हा फरक बागेतही उपयोगी पडतो. युमॉल्पिनीच्या अळ्या जमिनीत राहून मुळे खातात, आणि उडद्याचीही अळी तेच करते. म्हणून नुसत्या डोळ्यांवर लक्ष ठेवून भागत नाही, मातीकडेही पाहावे लागते. खोडाची सैल साल प्रौढांना लपायला जागा देते, ती काढावी लागते. आणि हात लागताच खाली पडण्याच्या त्याच्या सवयीचा फायदा घेऊन वेली हलवून भुंगेरे गोळा करता येतात.

काट्यांचे आणि कासवाचे एकच उपकुल

कोकणातल्या भातावर दोन भुंगेरे शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. एक काळा, सर्वांगावर काटे असलेला, त्याला हिस्पा म्हणतात. त्याची अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये शिरून हिरवा गर खाते आणि पानावर पांढुरके डाग पडतात. दुसरा गुळगुळीत, निमुळता, निळा. रताळ्याच्या वेलावर तिसराच एक प्रकार सापडतो: कडा चपट्या पसरलेला, कासवाच्या पाठीचा, कधी सोन्यासारखा चमकणारा भुंगेरा. त्याची अळी शेपटीच्या काट्यावर स्वतःची टाकलेली कात आणि विष्ठा साठवते, आणि मुंगी जवळ आली की तो ढीग तिच्या अंगावर उगारते.

रूपावरून या तिघांना कुणी एका घरात बसवणार नाही. काटेरी आणि कासवासारखे भुंगेरे दीर्घकाळ दोन वेगळ्या उपकुलांत होतेही. पण दोघांचेही तोंड समोर नसते. ते खाली आणि मागच्या बाजूला वळलेले असते, आणि मिशांची मुळे एकमेकींजवळ असतात. काही जाती तर दोन्हींच्या मधल्या रूपाच्या निघाल्या. म्हणून दोन्ही उपकुले एक करण्यात आली. एकत्र कुटुंबाचे नाव कोणते ठेवायचे, हा प्रश्न आला. नियम असा की जुने नाव टिकते. पण इथे दोन्ही नावे स्वीडनच्या गिलेनहाल यांच्या 1813 च्या एकाच ग्रंथात आलेली. अशा वेळी नंतरच्या ज्या अभ्यासकाने दोघांतले एक निवडले, त्याची निवड पाळतात. त्यातून कॅसिडिनी हे नाव टिकले.

कासवभुंगेऱ्याच्या सोनेरी रंगाचा मात्र वर्गीकरणाला उपयोग होत नाही. तो रंग कवचाच्या पातळ थरांवरून प्रकाश परतण्यातून येतो आणि थरांतल्या ओलाव्यावर अवलंबून असतो. किडा मेला, वाळला, की सोने जाते आणि संग्रहातल्या पेटीत फिकट तपकिरी टरफल उरते. नाती ठरवणारे म्हणूनच वाळल्यावरही न बदलणाऱ्या खुणा धरतात: पेरांची संख्या, मिशांची जागा, तोंडाची दिशा, नर-मादींच्या जननेंद्रियांचा आकार. हुबेहूब दिसणाऱ्या दोन जाती शेवटच्या खुणेवरूनच वेगळ्या काढता येतात.

डीएनएने काय बदलले

गेल्या तीसेक वर्षांत या पुराव्यांत डीएनएची भर पडली. दोन जाती जितक्या पूर्वी एकमेकींपासून फुटल्या असतील, तितके त्यांच्या डीएनएमधले फरक साधारणपणे वाढलेले असतात. हे फरक मोजून झाड काढले, तेव्हा पानभुंगेऱ्यांच्या तीन मोठ्या फांद्या दिसू लागल्या. एकीत सॅग्रा, कडधान्यातले किडे आणि पाणवनस्पतींवरचे भुंगेरे. दुसरीत उडद्याचे उपकुल, कासवभुंगेरे आणि विष्ठेचे घर करून त्यात राहणाऱ्या अळ्यांचे उपकुल. तिसरीत मेक्सिकन भुंगेरा, तांबडा भुंगेरा आणि उडी मारणारे.

डीएनएने काही जुन्या समजुती पक्क्या केल्या, काही हलवल्या. उडी मारणाऱ्यांचे काही वंश या झाडावर न उडणाऱ्यांच्या मधेच जाऊन बसले. त्यावरून उडीची रचना एकाहून अधिक वेळा निर्माण झाली असावी, असे काही अभ्यासक मानतात. इतके मोठे कुल घडले कसे, यावरही वाद आहे. 1998 साली ब्रायन फॅरेल यांनी मांडले की वनस्पती खाणाऱ्या भुंगेऱ्यांची ही बरकत फुलणाऱ्या वनस्पतींकडे वळल्यामुळे झाली. 2007 साली हेसुस गोमेझ-झुरिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या कालगणनेत पानभुंगेऱ्यांच्या मुख्य फांद्या फुलणाऱ्या वनस्पती पसरल्यानंतर बऱ्याच उशिरा फुटलेल्या दिसल्या. नवा पुरावा आला की झाड पुन्हा काढले जाते, आणि नावे बदलतात ती यामुळे.

नाते कळल्याचा उपयोग

गाजर गवत 1950 च्या दशकात पुण्यात नजरेस आले आणि तिथून देशभर पसरले. त्याला आवर घालण्यासाठी मेक्सिकोतून झायगोग्रामा बायकलराटा आणून 1984 साली बंगळूरुमध्ये सोडण्यात आला. परका किडा आणताना पहिली भीती असते ती आपली पिके खाण्याची. ही भीती नात्यांच्या आधारावरच तपासली जाते: ज्या तणासाठी किडा आणायचा त्याच्या सगळ्यात जवळच्या वनस्पती आधी त्याच्यापुढे ठेवायच्या, मग दूरच्या. गाजर गवत सूर्यफुलाच्या कुलातले आहे. शिवाय झायगोग्रामाच्याच वंशातला एक भाऊ उत्तर अमेरिकेत सूर्यफुलाची कीड म्हणून प्रसिद्ध आहे. बटाट्याचा उच्छाद मांडणारा कोलोरॅडो भुंगेराही त्याच उपकुलातला. वंशावळ माहीत असलेल्याने सूर्यफुलाकडे बारीक लक्ष ठेवावे, असाच हा संकेत होता.

पुढे कर्नाटकात हा भुंगेरा सूर्यफुलाची पाने खाताना दिसला आणि मोठा वाद झाला. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून कारण कळले. गाजर गवताचे परागकण वाऱ्याने सूर्यफुलाच्या पानांवर पडले, की त्यांच्या वासाचवीने भुंगेरा ती पाने खाऊ लागतो. आज महाराष्ट्रातही पावसाळ्यात हे भुंगेरे गाजर गवतावर सोडले जातात. पाऊस पडला की ते जमिनीतून वर येतात आणि हिवाळ्याच्या तोंडावर पुन्हा जमिनीत शिरतात.

*चौकट : भिंग हाताशी असेल तर*

• पावलाची पेरे चार दिसतात, तिसरे दुभंगलेले: पानभुंगेरा, खोडभुंगेरा किंवा सोंडवाला. तीनच दिसली तर लेडीबर्डचे कुल पाहा.
• डोके लांबून सोंड झालेली: सोंडवाला. मिशा अंगाहून लांब: बहुधा खोडभुंगेरा.
• पंख आखूड, पोटाचे टोक उघडे, किडा कडधान्यात: ब्रुकिनी उपकुल.
• मिशांची मुळे डोळ्यांच्या मध्ये खेटून: गॅलेरुसिनी. त्यात मागच्या मांड्या जाड आणि लांब उडी: उडी मारणाऱ्यांतला.
• अंगावर काटे, किंवा पाठ कासवाची आणि तोंड मागे वळलेले: कॅसिडिनी.
• नुसता रंग आणि नुसते खाणे, यांवर निर्णय देऊ नये.

हे काम कुणी करायचे

भारतीय पानभुंगेऱ्यांच्या अभ्यासाचा पाया ब्रिटिश काळातल्या चार खंडांनी घातला. पहिला 1908 साली निघाला, तो व्यवसायाने व्हायोलिनवादक असलेल्या मार्टिन जेकबी यांचा. पुढचे तीन 1919, 1926 आणि 1936 साली समरेंद्र मौलिक यांनी लिहिले. आजही एखादा अनोळखी पानभुंगेरा सापडला की अभ्यासक हे खंड उघडतात. इतके जुने ग्रंथ अजून हाताशी लागतात, यात त्यांची थोरवी आहे आणि मागे राहिलेल्या कामाची मोजदादही. दरम्यान शेकडो नावे बदलली, उपकुले जोडली गेली, आणि सह्याद्रीतल्या कित्येक जातींची अळी कुणी पाहिलेली नाही.

अळी आणि तिचे झाड ही माहिती जुन्या संग्रहांत सगळ्यात कमी आहे. पेटीतल्या भुंगेऱ्याखालच्या चिठ्ठीवर गाव आणि तारीख असते. तो कोणत्या झाडावर होता हे बहुधा लिहिलेले नसते. पानभुंगेऱ्यांच्या बाबतीत तर झाड हा नात्याचा मोठा धागा आहे. त्यातल्या अनेक जाती एका वनस्पतीला किंवा तिच्या कुलाला धरून राहतात, आणि शेतकऱ्याला, तण आटोक्यात आणणाऱ्याला, जंगलाचा अभ्यास करणाऱ्याला नेमकी तीच माहिती हवी असते. हे काम मोठ्या प्रयोगशाळेवाचून अडत नाही. गावातल्या शाळेचे विद्यार्थी, कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी, आपल्या बागेत रोज फिरणारा शेतकरी, कुणीही ते करू शकतो. पानावर अळी दिसली की तिला त्याच झाडाच्या पानांसह जाळी बांधलेल्या बरणीत वाढवावे, प्रौढ भुंगेरा बाहेर पडला की तो आणि अळीची कात दोन्ही जपून ठेवावेत, आणि चिठ्ठीवर गाव, तारीख आणि झाडाचे नाव या तीन गोष्टी शाईने लिहाव्यात. अशा नोंदी जवळच्या संग्रहापर्यंत पोहोचल्या, तर पुढचा खंड लिहिणाऱ्याला आपल्याकडच्या भुंगेऱ्यांची नाती अंदाजाने लावावी लागणार नाहीत.